दिवंगतांच्या डोळ्यांतून दृष्टी देणारे डॉ. फिलातोव्ह

नववी-दहावीतल्या मुलाचा चष्मा दर सहा महिन्यांनी बदलावा लागतो. तिरपा नंबर, म्हणजे सिलिंडर, वाढत जातो आणि नवा चष्मा लावूनही फळ्यावरची अक्षरे पसरलेली, दुहेरी दिसतात. घरच्यांना वाटते, मोबाइलमुळे झाले असेल. डोळ्याची टोपोग्राफी केली, म्हणजे बुबुळाच्या पृष्ठभागाचा चढ-उतार यंत्राने मोजला, की अशा काही मुलांमध्ये केरॅटोकोनस हा आजार सापडतो. डोळ्याच्या पुढच्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा बसलेला पारदर्शक पडदा म्हणजे पारपटल, अर्थात कॉर्निया. त्याची मधली जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. केरॅटोकोनसमध्ये हा पडदा पातळ होत जातो आणि डोळ्यातल्या दाबामुळे शंकूसारखा पुढे येतो.

आज या आजारावर लेझरच्या मदतीने बरेच काही करता येते. मात्र पारपटल फारच पातळ झाले आणि त्यावर पांढरा व्रण पडला, तर ते बदलावे लागते. त्या जागी बसवायचे पारपटल कोणत्याही कारखान्यातून मागवता येत नाही. ते मरण पावलेल्या माणसाच्या डोळ्यातून येते. मृत व्यक्तीच्या डोळ्यातला हा पडदा जिवंत माणसाच्या डोळ्यात नीट काम करू शकतो, हे एकेकाळी सिद्ध करावे लागले होते. त्याची रीतसर पद्धत बसवून ती शेकडो डॉक्टरांच्या हाती देण्याचे मोठे श्रेय काळ्या समुद्रावरच्या ओडेसा शहरातील नेत्रशल्यविशारद व्लादिमीर पेत्रोविच फिलातोव्ह यांना जाते.

डॉक्टरांच्या घरातला मुलगा

फिलातोव्ह यांचा जन्म १८७५ साली रशियातील पेन्झा प्रांतातल्या मिखाइलोव्का या खेड्यात झाला. वडील प्योत्र फिलातोव्ह डॉक्टर होते. ते शस्त्रक्रिया करत आणि डोळ्यांचे रुग्णही तपासत. काका निल फिलातोव्ह हे रशियातील बालरोगशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. व्होल्गाकाठच्या सिम्बिर्स्क गावात शालेय शिक्षण पूर्ण करून व्लादिमीर मॉस्को विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी गेले आणि १८९७ मध्ये पदवीधर झाले.

तेव्हाच्या रशियात अंधत्व ही गावोगावची गोष्ट होती. देवी, खुपऱ्या, चुना किंवा आम्ल डोळ्यात जाणे, शेतात आणि कारखान्यात होणाऱ्या जखमा यांमुळे पारपटलावर कायमचा पांढरा डाग पडे. आपल्याकडे यालाच डोळ्यात फूल पडणे म्हणतात. फुलामागचा डोळा बहुतेक वेळा शाबूत असतो. भिंग, पडदा, मज्जातंतू सगळे ठीक असते, फक्त पुढची काच धुरकट झालेली असते. काच बदलता आली तर माणूस पाहू लागेल, हा विचार जुना होता. प्राण्यांची पारपटले बसवून पाहण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकात अनेकांनी केले. ती पारपटले बहुतेक वेळा धुरकट झाली.

पहिले मोठे यश ७ डिसेंबर १९०५ रोजी आले. आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथे डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने दोन्ही डोळे भाजलेल्या एका शेतमजुराला माणसाचे पारपटल बसवले. ते एका अकरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यातले होते. धातूचा तुकडा घुसल्याने त्या मुलाचा डोळा काढावाच लागणार होता. मजुराचा एक डोळा स्वच्छ राहिला आणि तो कामावर परतला. पण असा दाता कधी मिळेल याचा नेम नव्हता. एका रुग्णाचा निकामी झालेला, तरीही पारपटल स्वच्छ असलेला डोळा काढण्याची वेळ यायची आणि त्याच दिवशी दुसरा अंध रुग्ण शस्त्रक्रियेसाठी तयार असायचा, हे क्वचितच जुळून येई.

पहिले अपयश

फिलातोव्ह १९०३ साली प्राध्यापक गोलोविन यांच्या बोलावण्यावरून ओडेसाच्या विद्यापीठातील नेत्रचिकित्सालयात रुजू झाले. १९११ मध्ये तिथले प्रमुखपद त्यांच्याकडे आले आणि पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, त्यांनी पहिले पारपटल रोपण केले. त्यात त्यांनी रुग्णाचे संपूर्ण पारपटल बदलले. रोपण जागेवर बसले, पण पारदर्शक राहिले नाही. काही काळाने तेही धुरकट झाले.

याचे कारण आज आपल्याला नीट सांगता येते. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून शरीराच्या प्रतिकारशक्तीचे लक्ष तिथे सहसा जात नाही आणि दुसऱ्याचे पारपटल रुग्णाचे शरीर सहन करते. मात्र पारपटलाच्या कडेला, पांढऱ्या भागाच्या सीमेवर, रक्तवाहिन्यांचे जाळे असते. रोपण त्या कडेपर्यंत नेले की नकार येण्याची शक्यता वाढते. फिलातोव्ह यांच्या काळी प्रतिकारशक्तीचे हे शास्त्र माहीत नव्हते. तरीही अनुभवातून ते योग्य वाटेवर आले. पुढच्या काळात त्यांनी संपूर्ण पडदा बदलण्याऐवजी मध्यभागी लहानशी गोल खिडकी पाडून तेवढाच तुकडा बसवण्यावर भर दिला.

त्वचेची नळी

मधल्या काळात पहिले महायुद्ध सुरू झाले आणि फिलातोव्ह यांच्या हातून दुसऱ्याच शाखेला मोठी देणगी मिळाली. १९१६ मध्ये त्यांच्यापुढे खालच्या पापणीचा कर्करोग झालेला रुग्ण होता. पापणी काढल्यावर ती पुन्हा घडवायची कशी, हा प्रश्न होता. त्यांनी मानेवरच्या त्वचेची पट्टी दोन्ही टोकांना शरीराशी जोडलेली ठेवून उचलली आणि तिच्या कडा एकमेकींना शिवून नळी तयार केली. नळीमुळे आतला कच्चा भाग उघडा राहत नव्हता, संसर्ग टळत होता आणि दोन्ही टोकांकडून रक्तपुरवठा चालू राहत होता. मग एक टोक सोडवून त्यांनी ती त्वचा पापणीच्या जागी नेली. १९१७ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये हॅरॉल्ड गिलीज यांनी जखमी सैनिकांचे चेहरे दुरुस्त करताना स्वतंत्रपणे हीच युक्ती शोधली. पुढची अनेक दशके प्लास्टिक सर्जरी या नळीवर उभी होती.

मराठी वाचकाला यात ओळखीची खूण सापडेल. शरीराशी जोडलेली त्वचा वळवून नवा अवयव घडवण्याचे कौशल्य आपल्याकडे सुश्रुतापासून चालत आलेले आहे. पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या त्वचेतून पुन्हा घडवल्याची हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि युरोपातील शल्यविशारद थक्क झाले. फिलातोव्ह यांची नळी याच परंपरेतली पुढची पायरी होती.

मृत्यूनंतरही स्वच्छ

युद्ध, क्रांती आणि दुष्काळ यांतून सावरल्यावर, १९२० च्या दशकात फिलातोव्ह पुन्हा पारपटलाकडे वळले. आधी त्यांनी हत्यार सुधारले. गोल तुकडा कापण्यासाठी ट्रेफाइन हे नळीसारखे पाते वापरत. सालपाकिटाला छिद्र पाडावे तसे ते फिरवत पारपटल कापते. अडचण अशी, की पाते पारपटलाच्या पलीकडे जाऊन मागच्या भिंगाला लागू शकते. मग मोतीबिंदू होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. फिलातोव्ह यांनी मार्सिन्कोव्स्की यांच्या साथीने भिंगाचे रक्षण करणारी सोय असलेले ट्रेफाइन बनवले. केसाहून बारीक नायलॉनचे टाके तेव्हा नव्हते. म्हणून बसवलेला तुकडा हलू नये यासाठी ते डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची पातळ त्वचा सरकवून त्यावर काही दिवस झाकण घालत.

हत्यार तयार झाले तरी मूळ अडचण कायम होती. पारपटल आणायचे कुठून? जिवंत रुग्णांचे काढून टाकलेले डोळे फारच थोडे मिळत आणि त्यांतलेही बरेच स्वच्छ नसत. मृत व्यक्तीच्या डोळ्यातले पारपटल वापरण्याचे तुरळक प्रयत्न इतरांनी केले होते. पण मृतदेहातल्या ऊतीबद्दल डॉक्टरांच्याही मनात भीती होती. ती सडेल, तिच्यातून विषार पसरेल, ती जिवंत डोळ्यात टिकणार नाही, अशा शंका होत्या.

६ मे १९३१ रोजी फिलातोव्ह यांनी मृत व्यक्तीच्या डोळ्यातले पारपटल रुग्णाला बसवले आणि त्यानंतर ते या वाटेवरून मागे फिरले नाहीत. मृत्यूनंतर काढलेले डोळे ते ओलसर, बंद भांड्यात २ ते ४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवत आणि एक-दोन दिवसांनी वापरत. हे शक्य होते याचे कारण पारपटलाच्या रचनेत आहे. त्याला रक्तपुरवठा नसल्याने हृदय थांबल्यावर ते मेंदूसारखे काही मिनिटांत मरत नाही. त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो पडद्यातले पाणी सतत बाहेर काढून त्याला पारदर्शक ठेवतो. थंडीत या पेशींचा खर्च कमी होतो आणि त्या काही काळ तग धरतात.

एका साध्या निर्णयाने चित्र पालटले. दात्याची वाट पाहत बसलेल्या शल्यविशारदाला आता रुग्णालयातूनच पारपटल मिळू लागले आणि शस्त्रक्रियेचा दिवस आधी ठरवता येऊ लागला. फिलातोव्ह यांनी पद्धत शक्य तितकी सोपी ठेवली, जेणेकरून मोठ्या शहराबाहेरच्या डॉक्टरांनाही ती शिकता यावी. सोव्हिएत संघाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण डॉक्टर ओडेसाला येत आणि शिकून आपापल्या गावी जात. १९३६ मध्ये ओडेसात स्वतंत्र नेत्रसंस्था उभी राहिली आणि फिलातोव्ह तिचे संचालक झाले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये रामोन कास्त्रोविएहो यांनी केरॅटोकोनसच्या रुग्णाला पारपटल बसवून दाखवले. फूल पडलेल्या डोळ्याप्रमाणेच शंकूसारख्या झालेल्या पातळ पारपटलालाही हा उपचार लागू पडतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

बरोबर निरीक्षण, फसलेला निष्कर्ष

फिलातोव्ह यांच्या आयुष्यातील एक भाग आज वेगळ्या नजरेने पाहावा लागतो. थंडीत ठेवलेली पारपटले डोळ्यात चांगली टिकतात, हे त्यांचे निरीक्षण बरोबर होते. त्यावरून त्यांनी असा तर्क केला, की प्रतिकूल परिस्थितीत ठेवलेली कोणतीही ऊती जगण्याच्या धडपडीत काही उत्तेजक द्रव्ये तयार करते आणि ती द्रव्ये रोग बरे करतात. या विचारातून ‘ऊती-उपचार’ जन्माला आला. कोरफडीची पाने थंडीत, अंधारात ठेवून त्यांचा अर्क काढायचा, वार म्हणजे गर्भवेष्टनापासून औषध बनवायचे आणि ते डोळ्यांच्या तसेच इतर अनेक आजारांसाठी टोचायचे, असा तो उपचार होता. पारपटल रोपण आणि ऊती-उपचार या कामासाठी त्यांना १९४१ मध्ये स्टालिन पारितोषिक मिळाले. अर्कांची इंजेक्शने सोव्हिएत संघात आणि बाहेरही वर्षानुवर्षे दिली गेली.

ज्या कठोर तुलनात्मक चाचण्या आज कोणत्याही औषधाला द्याव्या लागतात, त्या या उपचाराने कधी पार केल्या नाहीत. दृष्टी सुधारण्याचा उपचार म्हणून आज नेत्रवैद्यकात त्याला स्थान नाही. पारपटल रोपण मात्र टिकले, कारण त्याचा निकाल रुग्णाला स्वतः पाहता येत होता आणि जगभरच्या डॉक्टरांना तो आपापल्या रुग्णालयात पडताळता येत होता. थोर माणसाचे नाव मागे असले तरी प्रत्येक उपचार स्वतंत्रपणे तपासावा लागतो, हा धडा कोरफडीपासून कशाकशाचे थेंब डोळ्यात घालणाऱ्यांनी आजही ध्यानात ठेवावा.

युद्ध आणि अखेरची वर्षे

१९४१ मध्ये जर्मन फौजा ओडेसाच्या दिशेने आल्या. तेव्हा फिलातोव्ह ६६ वर्षांचे होते. शहर सोडून ते मध्य आशियातील ताश्कंदला गेले आणि तिथे डोळ्यांना जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार करत राहिले. १९४४ मध्ये ओडेसा मुक्त झाल्यावर परत येऊन त्यांनी संस्था पुन्हा उभारली. मोकळ्या वेळात ते चित्रे काढत, कविता लिहीत. धर्माविषयी उघड बोलणे सोयीचे नसलेल्या त्या राजवटीतही ते श्रद्धाळू ख्रिस्ती राहिले. १९५० मध्ये त्यांना ‘समाजवादी श्रमवीर’ हा सन्मान मिळाला. ३० ऑक्टोबर १९५६ रोजी, ८१ व्या वर्षी, ओडेसातच त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे संस्थेची धुरा डॉ. नादेझ्दा पुच्कोव्स्काया यांनी सांभाळली. ही संस्था आज फिलातोव्ह यांच्याच नावाने ओळखली जाते.

ट्रेफाइनपासून लेझरपर्यंत

फिलातोव्ह यांच्या ट्रेफाइनची जागा काही ठिकाणी आता फेम्टोसेकंद लेझरने घेतली आहे. सेकंदाचे दहा कोटी कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद. इतक्या सूक्ष्म काळाचे प्रकाशाचे ठोके पारपटलाच्या आत हव्या त्या खोलीवर पाडता येतात. आसपासचा भाग भाजत नाही. दात्याचे पारपटल आणि रुग्णाचे पारपटल एकाच आराखड्याने, पायऱ्या किंवा नागमोडी कड ठेवून कापले की ते खाचेत खुंटी बसावी तसे जुळतात. केरॅटोकोनसमध्ये आणखी एक फायदा होतो. आतला पेशींचा थर बहुधा निरोगी असतो. तो तसाच ठेवून वरचे थर तेवढे बदलता येतात. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी राहिल्याने नकाराचा धोका बराच कमी होतो.

त्याआधीच्या पायऱ्यांवरही लेझर मदतीला येतो. आजार वाढत असेल तर पहिला उपचार क्रॉसलिंकिंगचा. डोळ्यात रायबोफ्लेविन म्हणजे ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार असलेले थेंब घालून त्यावर अतिनील किरण सोडतात. त्यामुळे पारपटलातील कोलॅजनचे धागे एकमेकांशी घट्ट बांधले जातात आणि पडदा कडक होतो. हा लेझर नव्हे, पण गरज पडली आणि पुरेशी जाडी असली तर त्याच्या जोडीने एक्सायमर लेझरने पृष्ठभागाचा खडबडीतपणा थोडा कमी करतात. पारपटलाच्या आत फेम्टोसेकंद लेझरने बोगदा करून त्यात कमानीसारखी कडी सरकवतात. ती शंकू थोडा सपाट करते. अशा कड्या आता दात्याच्या पारपटलातूनही कापून घेतल्या जातात. म्हणजे सर्वांत आधुनिक उपचारालाही कुणाच्या तरी नेत्रदानाचा आधार लागतो.

यात एक सावधगिरी हवी. चष्मा घालवण्यासाठी केले जाणारे लेसिक आणि केरॅटोकोनसचा उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेसिकमध्ये पारपटल आणखी पातळ केले जाते. आधीच कमजोर असलेल्या पारपटलावर ते केल्यास आजार झपाट्याने बळावू शकतो. म्हणून लेसिकपूर्वी टोपोग्राफी आणि जाडीची तपासणी झालीच पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात काय करता येईल?

केरॅटोकोनस वाढण्यामागे डोळे चोळण्याची सवय हे मोठे कारण आहे. नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकत्र येतात. तिथून दुचाकीवर रोज ये-जा करणाऱ्याच्या डोळ्यात धूळ आणि धूर जाणारच. डोळ्यांना ॲलर्जीची खाज असलेली मुले तर दिवसभर डोळे चोळतात. त्यांना नुसते रागावून उपयोग नाही. खाजेवर डॉक्टरांकडून औषध घ्यावे, हेल्मेटची काच खाली असावी आणि सतत बदलणाऱ्या सिलिंडर नंबरची वेळेवर तपासणी व्हावी. सुरुवातीला सापडलेला केरॅटोकोनस क्रॉसलिंकिंगने बहुतेकदा थांबतो आणि रोपणाची वेळ येत नाही.

ग्रामीण भागात पारपटल निकामी होण्याचे कारण वेगळे असते. द्राक्षबागेत छाटणी करताना काडी लागते, मळणीत कुसळ उडते, त्या जखमेत बुरशी वाढते आणि महिनाभरात डोळ्यात फूल पडते. अशा डोळ्यात घरगुती औषध किंवा दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घालू नयेत. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

आणि जिथे रोपणाला पर्याय उरत नाही, तिथे नेत्रदान लागते. भारतातली पहिली नेत्रपेढी १९४५ साली मद्रासमध्ये सुरू झाली. तत्कालीन मुंबई राज्याने १९५७ मध्ये पारपटल रोपणासाठी कायदा केला. कायदा आणि नेत्रपेढ्या आल्या, तरी दात्याच्या घरच्यांचा होकार प्रत्येक वेळी नव्याने मिळवावा लागतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. त्याला वीस मिनिटांच्या आसपास वेळ लागतो, चेहरा विद्रूप होत नाही आणि अंत्यसंस्कार अडत नाहीत. चष्मा असलेले, मधुमेह किंवा रक्तदाब असलेले, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले लोकही नेत्रदान करू शकतात. एचआयव्ही, काविळीचे बी व सी प्रकार, रेबीज, रक्ताचा कर्करोग अशा काही आजारांत मात्र डोळे वापरता येत नाहीत. घरात मृत्यू झाला तर पापण्या मिटाव्यात, त्यावर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि लगेच जवळच्या नेत्रपेढीला किंवा शासकीय रुग्णालयाला कळवावे.

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या राष्ट्रीय नेत्रदान पंधरवड्यात अनेक जण नेत्रदानाचे अर्ज भरतात. अर्ज भरलेला असला तरी त्या क्षणी निर्णय घरचेच घेतात. त्यामुळे अर्जाइतकेच महत्त्वाचे आहे ते आपली इच्छा पत्नीला, पतीला, मुलांना, सुनेला स्पष्ट सांगून ठेवणे. फिलातोव्ह यांना मृत्यूनंतरचे डोळे मिळवण्यासाठी आपल्याच व्यवसायातल्या लोकांची भीती घालवावी लागली होती. ते काम त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी पूर्ण केले. उरलेले काम घरात बसून पाच मिनिटांत होण्यासारखे आहे.